‘फक्त आठ’ : पुण्यातल्या विज्ञान-भूगोलाच्या शिक्षकांना खुलं पत्र

पुण्यातल्या शाळांमध्ये विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्या सर्व बाईंना आणि सरांना,

सप्रेम नमस्कार.

मी शुक्रवार पेठेत राहते. एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. हे पत्र माझ्या नातीच्या उत्तरपत्रिकेमुळे लिहिते आहे. ती सहावीत आहे. प्रश्न होता : ‘एका वाक्यात उत्तर लिहा. सूर्यमालेत किती ग्रह आहेत?’ तिनं लिहिलं : ‘२००६ पासून आठ, त्याआधी नऊ होते, आणि काकाच्या वास्तुशांतीतही नऊच होते पण त्यात पृथ्वी नव्हती.’

त्यावर लाल शाईनं फुली, शून्य, आणि शेजारी दोन शब्द : ‘फक्त आठ’.

शाळेचं नाव मी लिहिणार नाही आणि बाईंवर माझा रागही नाही. माझी थोरली बहीण शिक्षिका होती. रविवारी रात्री जेवणं उरकल्यावर ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसायची तेव्हा एकेका उत्तराला किती वेळ देता येतो, हे मी पाहिलेलं आहे. गेलेला गुणही परत नको. पण त्या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या काळांतल्या तीन याद्या आहेत, आणि यादी बदलते हे त्या मुलीला कळलेलं आहे. ‘आठ’ या शब्दात यातलं काहीच नाही. म्हणून तिच्या वाक्यात काय काय होतं ते तुमच्यापुढे मांडावंसं वाटलं.

वास्तुशांतीपासूनच सुरुवात करते. माझ्या धाकट्या मुलानं धायरीला घर घेतलं. गुरुजींनी चौरंगावर नवग्रह मांडले. नऊ सुपाऱ्या, मधोमध सूर्य, प्रत्येकापाशी त्याचं त्याचं धान्य. शनीपाशी तीळ, केतूपाशी कुळीथ. नात शेजारी बसून मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं विचारलं, “आजी, यात पृथ्वी कुठे आहे?” गुरुजींनी ते ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाले, “बाळ, आपण पृथ्वीवरच बसून बघतोय ना? मग ती आकाशात कशी दिसेल?”

वर्गीकरणाचा पहिला धडा तिला तिथे मिळाला. आपल्या पूर्वजांच्या लेखी ग्रह म्हणजे आकाशातल्या स्थिर ताऱ्यांमधून जागा बदलत जाणारी गोष्ट. ही कसोटी डोळ्यांनी तपासता येते आणि तिला लावून पाहिलं तर सूर्य ग्रह ठरतो, चंद्र ग्रह ठरतो, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे तर आहेतच. पृथ्वी ठरत नाही, कारण ती पायाखाली आहे. राहू आणि केतू हे चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू. तिथे दगड नाही की धूळ नाही, पण ते बिंदूही सरकत राहतात आणि ग्रहणं त्यांच्याजवळच होतात. मूळ धातू ‘ग्रह्’, म्हणजे पकडणं. ग्रहण त्यातलंच. ‘माझा असा ग्रह झाला’ म्हणतो तो ग्रहही त्यातलाच, आणि पूर्वग्रहसुद्धा. तिकडे ग्रीकांनी याच फिरत्या दिव्यांना भटके म्हटलं, त्यातून युरोपातला शब्द आला. दोन्हीकडे कसोटी एकच, हालचाल.

ती कसोटी मोडली १५४३ मध्ये, कोपर्निकसचा ग्रंथ आला तेव्हा. सूर्य मध्यावर गेला आणि ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला, चंद्र उपग्रह झाला, पृथ्वी ग्रह झाली. प्लूटोच्या वेळी झालेला गाजावाजा आपल्याला आठवतो, पण यादीत एवढी मोठी उलथापालथ त्यानंतर कधीच झालेली नाही. वर्गात हे सांगायला दहा मिनिटं पुरतात.

आणि पुण्यात राहून हे सांगायला साधनं शोधावी लागत नाहीत. आपल्या पेठाच बघा. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सातही वारांच्या पेठा या शहरात आहेत. म्हणजे कोपर्निकसच्या आधीची, डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांची अख्खी यादी आपल्या पोस्टाच्या पत्त्यांत आहे, सूर्य-चंद्रासकट आणि पृथ्वी वगळून. गुरुवार पेठ आधी वेताळ पेठ होती. नाव बदललं म्हणून तिथला एक वाडाही जागचा हलला नाही. नातीला मी शनिपारापाशी उभं करून हे सांगितलं तेव्हा तिचा प्रश्न आला, “पण मग वार याच क्रमानं का? रवीनंतर सोमच का?”

याचं उत्तर इतकं सुंदर आहे की ते प्रत्येक सहावीच्या मुलाला बोटांवर मोजून मिळालं पाहिजे. जुन्या ज्योतिषांनी सात ग्रह त्यांच्या गतीनुसार लावले. सर्वांत मंद शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, आणि सर्वांत वेगवान चंद्र. दिवसाचे चोवीस होरे. होरा हा शब्द मूळचा ग्रीक, आणि ही मोजणीही तिकडच्या देवाणघेवाणीतून आपल्याकडे रुजली. प्रत्येक होऱ्याचा स्वामी या क्रमानं एकेक ग्रह. पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, त्याचा तो वार. शनिवारी पहिला होरा शनीचा. सातांचं चक्र तीनदा फिरलं की एकवीस होरे झाले. बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला. पंचविसावा होरा रवीचा, म्हणजे दुसरा दिवस रविवार. तिथून पुन्हा शुक्र आणि बुध सोडून सोम. चोवीसला सातनं भागल्यावर तीन उरतात, म्हणून दर दिवशी तीन घरं पुढे. आठवड्याचा क्रम हा भागाकाराच्या बाकीतून आला आहे. नातीनं हे शनिपार ते मंडई चालताना तीनदा मोजून पाहिलं.

साडेसातीचंही तसंच. त्यावर कुणी विश्वास ठेवावा की नाही हा वेगळा विषय, मी ठेवत नाही. पण आकडा खरा आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, बारा राशी, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. शनीची गती ज्यांनी ताडली त्यांच्याकडे नुसते डोळे होते आणि पिढ्यान् पिढ्यांची चिकाटी होती. हा शब्द घराघरांत आहे, पण वर्गात मी तो या अर्थानं कधी ऐकला नाही.

माझ्या आईच्या पंचांगात मात्र नवाहून जास्त नावं होती. कुंडलीच्या घरांत ‘ह’, ‘ने’ आणि ‘प्लु’ अशी अक्षरं असत. ‘ह’ म्हणजे हर्षल. विल्यम हर्शेल यानं १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधल्या बाथ गावी घरच्या दुर्बिणीतून तो शोधला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. पुढे त्यानं आपल्या राजाचं नाव द्यायचं ठरवलं, इतर देशांना ते रुचलं नाही, काहींनी शोधणाऱ्याचंच नाव वापरलं, शेवटी जगभर युरेनस रूढ झालं. आपल्या पंचांगांनी मात्र हर्षल धरून ठेवला. तुमच्या वर्गात हर्षल नावाचा मुलगा बसलेला असेलच. त्याला हे कळलं तर युरेनस तो जन्मात विसरणार नाही.

यानंतरची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच शाळेत गाळली जाते. सेरेसची. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो इथे ज्युसेप्पे पियाझ्झी याला मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक फिरता ठिपका दिसला. काही आठवडे दिसला आणि मग सूर्याच्या उजेडात हरवला. चोवीस वर्षांच्या गाऊस या जर्मन गणितज्ञानं हाताशी असलेल्या थोड्याशा निरीक्षणांवरून कक्षा काढून दिली आणि वर्ष संपता संपता तो पुन्हा सापडला. नवा ग्रह म्हणून त्याचं स्वागत झालं. पाठोपाठ १८०२ मध्ये पॅलस, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये व्हेस्टा. ग्रह झाले अकरा. त्या काळात युरोपातल्या एखाद्या मुलानं ‘अकरा’ लिहिलं असतं तर ते उत्तर बरोबर होतं.

मग १८४५ मध्ये पाचवा सापडला आणि पाठोपाठ रांगच लागली. प्रत्येकाला ग्रह म्हणत राहिलो तर यादीला अंत नाही, हे दहा-पंधरा वर्षांत सगळ्यांच्या लक्षात आलं. हर्शेलनं १८०२ मध्येच यांच्यासाठी वेगळा शब्द सुचवला होता, तो आता कामाला आला आणि सेरेससह सगळी मंडळी लघुग्रह झाली. त्यासाठी ठराव झाला नाही, मतदान झालं नाही. १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यानं एक शोधला आणि त्याचं नाव ‘एशिया’ ठेवलं. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला. तोवर असे पिंड लघुग्रहांतच धरले जाऊ लागले होते. आज असे दहा लाखांहून जास्त ज्ञात आहेत.

सेरेस सुमारे ९४० किलोमीटर व्यासाची आहे. १८०१ मध्ये तेवढीच होती. ग्रह, मग लघुग्रह, मग २००६ पासून बटुग्रह अशा तिच्या पाट्या बदलल्या. ही गोष्ट आधी सांगितलेली असेल तर प्लूटोचं काय झालं ते मुलांना रडू न येता कळतं. लहान मुलं प्लूटोसाठी खरोखर रडलेली मी पाहिली आहेत, कारण त्यांना ‘प्लूटोला ग्रहांमधून हाकललं’ असं सांगितलेलं असतं. कृपा करून हा शब्द वर्गात वापरू नका.

प्लूटो १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यानं शोधला. नाव कसं ठेवलं गेलं ते आजी म्हणून मला विशेष सांगावंसं वाटतं. ऑक्सफर्डमध्ये सकाळच्या खाण्याच्या वेळी एका निवृत्त ग्रंथपालानं वर्तमानपत्रातली बातमी घरात वाचून दाखवली. त्याची अकरा वर्षांची नात व्हेनेशिया बर्नी म्हणाली, प्लूटो नाव ठेवावं. आजोबांनी ते आपल्या ओळखीच्या खगोलशास्त्रज्ञाला कळवलं, त्यानं अमेरिकेला तार केली आणि १ मे १९३० रोजी तेच नाव जाहीर झालं. अकरा वर्षांच्या मुलीचं वाक्य एका मोठ्या माणसानं ऐकून घेतलं, पुढे पोचवलं.

मी शाळेत नऊ ग्रह शिकले. शेवटचा, सर्वांत लांबचा, प्लूटो. मार्च १९७९ मध्ये मी दहावीची परीक्षा दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्लूटो आपल्या लांबट कक्षेवरून चालत नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ आला होता आणि पुढे १९९९ पर्यंत तसाच आत होता. म्हणजे त्या वीस वर्षांत ‘सर्वांत दूरचा ग्रह कोणता’ याचं बरोबर उत्तर नेपच्यून होतं, आणि आम्ही सगळ्यांनी प्लूटो पाठ केलेलं होतं. मला हे चाळिशीनंतर कळलं. ज्या सरांनी मला भूगोल शिकवला ते उत्तम शिक्षक होते, आजही त्यांच्याविषयी मनात आदर आहे. पण त्यांच्याकडेही यादीच आलेली होती.

प्लूटोची अडचण तेव्हाच सुरू झाली होती. १९७८ मध्ये त्याचा उपग्रह शॅरन सापडला आणि त्यावरून प्लूटोचं वजन नीट काढता आलं. आधी त्याला पृथ्वीच्या जोडीचा समजत होते, तो निघाला पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या भागाएवढा. व्यास २,३७७ किलोमीटर, आपल्या चंद्राहून लहान. १९९२ मध्ये हवाईतल्या मौना केआ शिखरावरून डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक पिंड दिसला, आणि पुढे त्या पट्ट्यातले शेकड्यांनी सापडले. सेरेसचीच गोष्ट पुन्हा. २००५ मध्ये एरिस सापडली, आकारानं जवळपास प्लूटोएवढी, वजनानं त्याहून जास्त. आता एकतर एरिसला दहावा ग्रह म्हणायचं, किंवा ग्रह कशाला म्हणायचं ते ठरवायचं.

ते ठरलं प्रागमध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या महासभेत. आधीच्या मसुद्यानुसार सेरेस, शॅरन आणि एरिस धरून बारा ग्रह होणार होते. आठवडाभर वाद झाले. २४ ऑगस्ट २००६ रोजी, महासभेच्या समारोपाच्या बैठकीत, सव्वाचारशेच्या आसपास सभासदांनी पिवळी कार्डं उंचावून मतदान केलं. ग्रह ठरण्यासाठी तीन अटी आल्या. त्यानं सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या गुरुत्वानं जवळजवळ गोल झालेलं असावं, आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन पुऱ्या करणारा, तिसरी न करणारा आणि कुणाचा उपग्रह नसलेला तो बटुग्रह. आज मान्य झालेले बटुग्रह पाच आहेत : सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस.

तिसरी अट मुलांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर पुस्तकातलं एक वाक्य वाचून मोठ्यांनाही कळत नाही. मुलं लगेच विचारतात, गुरूच्या कक्षेत हजारो लघुग्रह आहेत, मग गुरूनं तरी परिसर कुठे मोकळा केलाय? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना अनंत चतुर्दशीच्या लक्ष्मी रस्त्यावर नेते. मानाचा गणपती निघतो तेव्हा रस्ता रिकामा नसतो. पुढे ढोल-ताशाचं पथक असतं, मागे दुसरं असतं, बाजूनं माणसं असतात. पण सगळ्यांची चाल गणपतीच्या चालीवर ठरते. गुरूचे ते लघुग्रह त्याच्या साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे असेच चालतात, गुरूनं बांधून दिलेल्या जागी. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन होतात. तो नेपच्यूनच्या तालावर चालणारा आहे, आणि त्यामुळेच त्यांच्या वाटा एकमेकींवरून गेल्यासारख्या दिसल्या तरी टक्कर कधी होत नाही.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी आकडाही आहे. स्टीव्हन सोटर या शास्त्रज्ञानं २००६ मध्येच हिशेब मांडला. पृथ्वीचं वस्तुमान तिच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या एकूण वस्तुमानाच्या सुमारे १७ लाख पट आहे. प्लूटोचं त्याच्या पट्ट्यातल्या बाकीच्यांच्या दहाव्या हिश्शाएवढंही नाही. आठ ग्रह आणि इतर यांच्यामध्ये एवढी मोठी दरी आहे. म्हणून मला स्वतःला तिसरी अट पटते.

पण व्याख्या पूर्ण आहे असं मला वाटत नाही, आणि मुलांपासून हे लपवण्याचं कारण नाही. ग्रहविज्ञानात काम करणारे अनेक जण म्हणतात की पिंड कसा आहे ते बघा, कुठे फिरतो ते नंतर. त्यांच्या कसोटीनं गोल झालेला प्रत्येक पिंड ग्रह, आपला चंद्रसुद्धा, आणि मग ग्रह शंभराच्या पुढे जातात. शिवाय प्रागच्या व्याख्येत ‘सूर्याभोवती’ असं लिहिलेलं आहे. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे पाच हजारांहून जास्त ग्रह आज ज्ञात आहेत, ते या व्याख्येत बसतच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी कामचलाऊ व्याख्या वापरतात. त्यांतल्या एकाचं नाव २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला आलं होतं. ताऱ्याला बिभा हे नाव मिळालं, शास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि ग्रहाला संतमस. संतमस हे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलानं सुचवलेलं होतं. आपल्या किती वर्गांत हे सांगितलं गेलं?

आणि ‘बटुग्रह’ या शब्दाचं काय? व्याख्येप्रमाणे बटुग्रह हा ग्रह नाही. नात म्हणाली, “पण आजी, मुंजीतला बटू मुलगाच असतो ना?” मला शब्द आवडतो, तो अर्थ चटकन पोचवतो, पण तिची शंका बरोबर आहे. प्रागमध्येही याच मुद्द्यावर भांडण झालं होतं.

आता माझी विनंती. दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या इमारतीतल्या अकरा मुलांना गच्चीवर बसवलं आणि जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले. प्रत्येक पत्त्यावर एका पिंडाचं नाव, व्यास, घनता आणि तो कुणाभोवती फिरतो एवढंच. आठ ग्रह, चंद्र, गुरूचा उपग्रह गॅनिमीड, शनीचा उपग्रह टायटन, प्लूटो, सेरेस. सांगितलं, याचे गट करा, कसे करायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी सगळ्यांनी आकारानं लावले. तेव्हा गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर आणि बुध ४,८७९ किलोमीटर हे पाहून आरडाओरडा झाला. उपग्रह ग्रहापेक्षा मोठा कसा? एका मुलीनं म्हटलं, मोठा असला तरी तो गुरूभोवती फिरतो, त्याला वेगळं काढा. मग एका आठवीतल्या मुलानं घनतेनं, पाण्याची एक धरून, लावून पाहिलं. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे ३.९ ते ५.५ यांच्यामध्ये, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून ०.७ ते १.६ यांच्यामध्ये. शनी ०.६९, पाण्यापेक्षा हलका, हे वाचून त्यानं पत्ता दोनदा उलटून पाहिला. खडकाळ आणि वायू-बर्फाचे असे दोन गट मुलांनी स्वतः पाडले, मी एक शब्द बोलले नाही. प्लूटो हातात राहिला. आकारानं तो मोठ्यांत बसेना, १.८५ या घनतेनं खडकाळांत बसेना. बराच वेळ तो पत्ता या हातातून त्या हातात गेला. शेवटी सर्वांत धाकटीनं तो टायटन आणि गॅनिमीडच्या शेजारी ठेवला, १.८८ आणि १.९४. बर्फ आणि खडक मिसळून झालेले पिंड. ती तिसरीत आहे.

त्या दुपारी प्लूटोसाठी कुणी रडलं नाही. मी त्यांना न्यू होरायझन्स यानाची गोष्ट सांगितली. ते जानेवारी २००६ मध्ये निघालं तेव्हा प्लूटो ग्रह होता आणि १४ जुलै २०१५ रोजी पोचलं तेव्हा बटुग्रह होता. त्यानं पाठवलेल्या छायाचित्रांत नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान आहे, पाण्याच्या बर्फाचे डोंगर आहेत. त्यांतल्या एका रांगेला तेनसिंग नोर्गे यांचं नाव दिलं आहे.

तुमच्याकडे तासिका कमी आहेत, मुलं जास्त आहेत, पाठ संपवायचा असतो. हे सगळं मान्य आहे. तरी पत्त्यांचा हा खेळ दोन तासिकांत होतो. आणि प्रश्नपत्रिका काढताना ‘किती ग्रह आहेत’ याऐवजी ‘प्लूटोला आज ग्रह का म्हणत नाहीत’ किंवा ‘गॅनिमीड बुधापेक्षा मोठा असूनही ग्रह का नाही’ असं विचारता येईल. तपासायला थोडा जास्त वेळ लागेल, ते मी जाणते. निदान एखादं मूल ‘आठ’च्या पुढे काही लिहील तेव्हा ते वाचावं आणि गुण द्यावा, एवढं मागणं मी हात जोडून करते.

पुण्यात मदतीला माणसंही आहेत. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ मध्ये तारांगण सुरू झालं. तिथल्या काळोखात बसून मी पहिल्यांदा शनी बघितला, तेव्हा मी नातीपेक्षाही लहान होते. आणि आमची गच्ची आहे. दुर्बीण सहा इंची आहे. जिना अरुंद आहे, म्हणून एका वेळी पंधरा मुलं आणा. गुरूचे चार उपग्रह, शुक्राच्या कला, शनी, जे त्या दिवसांत वर असेल ते दाखवीन.

नातीनं शून्य फारसं मनावर घेतलेलं नाही. तिच्या डोक्यात आता नवा प्रश्न आहे. तिनं कुठेतरी वाचलं की आपल्या चंद्राला पृथ्वी जेवढ्या जोरानं ओढते त्याच्या सुमारे दुप्पट जोरानं सूर्य ओढतो. हे खरं आहे, मी आकडेमोड करून तिला दाखवलं. त्यावर ती म्हणते, चंद्र गोल आहे, सूर्य त्याला जास्त ओढतो, पृथ्वीबरोबर तोही सूर्याभोवती वर्षाला एक फेरी मारतो, मग तो उपग्रह का आणि ग्रह का नाही? मी तिला सांगितलं आहे की हा प्रश्न वहीत नीट लिहून काढ आणि सोमवारी बाईंना विचार.

आपली,
शुक्रवार पेठेतली एक आजी
पुणे